तीन तास की तीन महिने?



हा लेख काहींना आवडणार नाही. लिहावा की नाही यावरून आमच्यातच दोन तट पडले होते. पण ज्या गोष्टीसाठी आम्ही महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत मान खाली घालून बसलो, ती चार भिंतींत झाकून ठेवली तर दुसऱ्या मंडळ्या त्याच खड्ड्यात पडतील. म्हणून लिहितो आहोत.

गेल्या वर्षी आमच्या बेळगावच्या मंडळीत एका सुनेचं बेबी शॉवर झालं. तयारी आमच्याकडे होती. कार्यक्रम कायम आठवणीत राहावा आणि अगदी 'पर्सनल' व्हावा, अशी घरच्यांची इच्छा. आम्ही कंबर कसली. गुलाबी-निळ्या फुग्यांची कमान आली, इंग्रजी अक्षरांचा चमचमता फलक आला, तीन मजली केक आला, आईच्या खांद्यावरून घालायचा सॅटिनचा पट्टा आला. फोटोवाल्यानं पाळण्याजवळ, खिडकीजवळ, पोटावर हात ठेवून, नवऱ्यानं गुडघे टेकून, असे शंभरेक फोटो काढले. सत्तर माणसं जेवली. पाळकसाहेबांना प्रार्थनेसाठी पाच मिनिटं दिली होती, ती केक कापायच्या गडबडीत दोनवर आली. तीन तासांत हॉल रिकामा करून द्यायचा होता, तो दिला. खर्च त्या मुलाच्या दीड पगाराइतका झाला.

पाहुण्यांची यादीही आम्हीच केली होती. त्या यादीतून एक नाव आम्ही खोडलं. आमच्याच मंडळीतल्या एक ताई. त्यांचे दोन गर्भ राहिले नाहीत. यादी करताना कोणी म्हटलं, "त्यांना वाईट वाटेल, कशाला बोलवायचं?" कोणी आणखी हळू आवाजात म्हटलं, "सातवा महिना आहे, उगीच दृष्ट बिष्ट..." वाक्य अर्धंच राहिलं. पुरं करायची गरज कोणाला वाटली नाही, कारण पुढचे शब्द आम्हा सगळ्यांना पाठ होते. पेन आमच्या हातात होतं.

सात आठवड्यांनी मध्यरात्री त्या सुनेला कळा सुरू झाल्या. शस्त्रक्रिया करावी लागली, रक्त फार गेलं, दोन पिशव्या रक्त हवं होतं. सत्तर पाहुण्यांपैकी तिचा रक्तगट एकालाही ठाऊक नव्हता. आम्हाला तर निरोपच सकाळी कळला. रक्त मिळालं ते नवऱ्याच्या कारखान्यातल्या दोन सोबत्यांकडून. देवाच्या कृपेनं आई आणि लेकरू दोघंही सुखरूप घरी आली. तिची आई आजारी, सासू गुडघ्यांनी अधू. पहिले पंधरा दिवस त्या घरी सकाळ-संध्याकाळ डबा कोण पोचवत होतं, हे आम्ही नंतर विचारलं. तुम्ही ओळखलंच असेल. यादीतून खोडलेल्या ताई.

हे कळलं तेव्हा आमच्यापैकी एकही बोललं नाही.

आता जे म्हणायचं आहे ते स्पष्ट म्हणतो. बेबी शॉवर करायला आमची हरकत नाही. बाळ ही परमेश्वराची देणगी आहे, तिच्या येण्याचा आनंद मंडळीनं करायचा नाही तर कोणी करायचा? हरकत आहे ती तीन तासांच्या समारंभाला प्रीती समजण्याला, आणि त्या समारंभाच्या दारात कोण शुभ नि कोण अशुभ हे ठरवणारा जुना पहारेकरी नव्या कपड्यांत उभा करण्याला.

थोडं मागे जाऊ. बेळगावात मिशनचं काम सुरू होऊन दोनशे वर्षं होऊन गेली. आमच्या आज्या-पणज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला तेव्हा आजूबाजूच्या अनेक रीती सोडल्या. आमच्या शेजारी मराठी घरांत डोहाळेजेवण होतं, कानडी घरांत सीमंत आणि कुबसा होतो. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी, झोपाळा, तांदूळ-नारळ-खणानं भरलेली ओटी. यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं यावर आमच्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ वाद घातले. काही घरांनी हिरव्या बांगड्या ठेवल्या नि ओटी सोडली, काहींनी सगळंच सोडलं. ओटीचा नारळ तर बहुतेकांनी सोडला, कारण तो अन्यधर्मीय विधीचा भाग आहे असं त्यांना वाटलं. त्यांच्या विवेकाचा आम्ही मान राखतो.

पण एक प्रश्न विचारतो. नारळात काय असतं? खोबरं आणि पाणी. तेही देवानंच निर्माण केलं. टाकायची होती ती नारळामागची भीती. ओटी भरायला फक्त सवाष्णच हवी, विधवेचा हात नको, जिची कूस रिकामी तिची सावली नको, ही ती भीती. डोहाळेजेवण ज्या शब्दावरून आलं त्या 'दोहद' शब्दात गरोदर स्त्रीच्या मनातली इच्छा आहे. सुश्रुतसंहितेत तर तिला दोन हृदयांची म्हटलं आहे आणि तिची इच्छा डावलू नये असं सांगितलं आहे. तिला काय खावंसं वाटतं ते विचारा आणि प्रेमानं करून घाला, एवढं यातलं सत्त्व. यात ख्रिस्ती माणसाला खटकण्यासारखं काहीच नाही. आम्ही काय केलं? सत्त्व टाकलं, नारळ टाकला, आणि भीती मात्र जपून घरी आणली. फुग्यांच्या कमानीखाली ती कोणाला दिसली नाही, एवढंच.

जे म्हणतात की डोहाळेजेवण परकं आणि बेबी शॉवर आपलं, त्यांनी हेही ध्यानात घ्यावं की बेबी शॉवर पवित्र शास्त्रात कुठेही नाही. आजच्या रूपातली ही रीत अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. तेव्हा तिथे पाळणेही हलू लागले होते आणि बाळाच्या वस्तूंचा बाजारही. 'शॉवर' म्हणजे भेटवस्तूंचा वर्षाव. ही रीत वाईट नाही, पण इंग्रजीत आहे म्हणून ती ख्रिस्ती ठरत नाही, आणि हिरवी बांगडी मराठी आहे म्हणून अख्रिस्ती ठरत नाही. रीत कुठून आली यापेक्षा ती कोणाला जवळ घेते आणि कोणाला बाहेर उभं करते, यावरून तिची पारख व्हावी.

पवित्र शास्त्रात गरोदर स्त्रीच्या भेटीची एक मोठी गोड हकिकत आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरीया लगबगीनं डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे जाते. अलीशिबेला सहावा महिना आहे. ही अलीशिबा कोण? जिला लोकांनी उभा जन्म वांझ म्हटलं, जिनं चारचौघांतला तो अपमान सोसला, ती. आमच्या यादीच्या नियमानं पाहिलं असतं तर वर्षापूर्वी अलीशिबेचं नावही आम्ही खोडलं असतं. आणि देवानं मरीयेला आशीर्वाद देण्यासाठी नेमका तिचाच आवाज निवडला. त्या भेटीत सजावट काय होती, जेवायला काय होतं, लूक सांगत नाही. पण एक आकडा तो आठवणीनं लिहितो: मरीया तिथे सुमारे तीन महिने राहिली.

तीन महिने! आम्ही तीन तासांचा हॉल घेतला होता.

दुसरी हकिकत शिलो येथली. एलकाना दरवर्षी सहकुटुंब यज्ञाला जातो, वाटे वाटले जातात, जेवण होतं. पनिन्नेच्या भोवती तिची मुलं आणि हन्नेच्या भोवती कोणी नाही. पनिन्ना तिला टोचून बोलते. भरल्या पंगतीत हन्ना रडते आणि जेवत नाही. नवऱ्याचं तिच्यावर प्रेम आहे, पण तिचं दुःख त्याला उमगत नाही. मंदिरात तिचे ओठ हलताना पाहून याजक एली तिला प्यायलेली समजतो. घरचा माणूस, सवत, धर्मगुरू, तिघांपैकी एकालाही ती कळली नाही, देवाला मात्र कळली. आमच्या प्रत्येक मंडळीत एक हन्ना आहे. काहींत तीन-चार आहेत. कोणाचा गर्भ राहत नाही, कोणाचं बाळ पोटातच गेलं, कोणाचं लग्नच झालं नाही आणि वय निघून चाललं. त्या रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि उपासना संपताच लवकर निघतात. आम्ही मात्र त्यांच्यासमोर हसत हसत विचारतो, "मग, तुमची गोड बातमी कधी?"

आणि तिसरी हकिकत रूथच्या पुस्तकाच्या शेवटची. रूथला मुलगा होतो, तेव्हा शेजारणी ते लेकरू कोणाचं म्हणतात? नामीचं! नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली विधवा नामी, जी स्वतःच म्हणाली होती की मी भरलेली गेले आणि रिकामी परत आले. ओबेद तिच्या उराशी येतो आणि गावच्या बायका आनंद करतात. पवित्र शास्त्रातली ही ओटी विधवेची भरली गेली आहे. त्याच ओबेदाच्या वंशात दावीद आणि पुढे प्रभु येशू आला. तेव्हा यापुढे आमच्या मंडळीत कोणी विधवेला "तुम्ही जरा मागं बसा" म्हणालं, तर आम्ही रूथचा चौथा अध्याय उघडून तिच्या हातात देणार आहोत.

"पण त्यांना वाईट वाटेल म्हणूनच बोलवत नाही," असं म्हणणारे मनानं चांगले असतात, हे आम्ही जाणतो. आम्हीही तेच म्हटलं होतं. त्यांना आमचं उत्तर असं: वाईट वाटेल की नाही हे त्यांना ठरवू द्या. आधी घरी जा, एकटीला भेटा, सांगा की आलात तर आनंद होईल आणि नाही आलात तरी आम्ही समजून घेऊ. कोणी येईल, कोणी नुसतं दुपटं पाठवील, कोणी त्या दिवशी गावी जाईल. तिघींचाही मान राहील. न विचारता नाव खोडणं ही माया नव्हे. प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा. ही दोन्ही कामं एकाच मंडळीला, एकाच ओळीत सांगितली आहेत.

आता बर्फी-पेढ्याविषयी. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा आणि एकीत बर्फी. आईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, टाळ्या. बर्फी निघाली तर मुलगी, आणि टाळ्या जरा उशिरा. तो उशीर आम्ही ऐकला आहे, आणि आईनंही ऐकलेला असतो. "अहो, गंमत आहे!" असं म्हणतात. ज्या देशात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 920 सुद्धा भरल्या नाहीत, ज्या देशाला गर्भाचं लिंग शब्दानं किंवा खुणेनं सांगणं गुन्हा ठरवणारा कायदा 1994 साली करावा लागला, त्या देशात ही गंमत आम्हाला गोड लागत नाही. परदेशातले नातलग फुगा फोडून निळा-गुलाबी रंग उधळतात, त्याची नक्कल तर मुळीच नको. ज्या अमेरिकी आईनं 2008 साली कापलेल्या केकपासून ही टूम जगभर पसरली, तिनंच 2019 मध्ये याचा पस्तावा जाहीरपणे बोलून दाखवला. आमचं म्हणणं साधं आहे. परमेश्वर गर्भाशयात जे घडवतो आहे, त्यावर पैज लावू नका. आमच्या बेळगावला कुंदा आहे. दोन्ही वाट्यांत कुंदाच ठेवा.

मग कार्यक्रम 'पर्सनल' कसा करायचा? एका तरुण बहिणीनं आम्हाला हाच प्रश्न जरा रागानं विचारला. म्हणाली, "आयुष्यात एकदा येणारा दिवस आहे, फोटोसुद्धा काढायचे नाहीत का?" जरूर काढा. फुगेही लावा, हिरवी साडी नेसा, हिरव्या बांगड्या भरा. पण त्या आईला ओळखून केलेलं जे काही, ते 'पर्सनल'. बाकी पैसे दिले की कोणालाही मिळतं, आणि पुढच्या शनिवारी त्याच कमानीखाली दुसरी आई उभी असते.

आम्ही आमच्या मंडळीत आता काय ठरवलं आहे ते सांगतो. सातवा महिना सरताना कार्यक्रम केला, तर तिथून बाळंतपणापर्यंत साधारण दोन महिने, आणि पुढे बाळंतिणीचा सव्वा महिना. मोजून पाहा. मरीया जितके दिवस राहिली जवळजवळ तितकेच होतात. कार्यक्रम हा त्या तीन महिन्यांचा पहिला दिवस धरायचा.

त्या दिवशी जेवण तिला विचारून. कोणाला थालीपीठ हवं असतं, कोणाला सोलकढी, कोणाला नुसता वरण-भात नि लिंबाचं लोणचं. मंडळीतल्या पाच घरांनी एकेक पदार्थ करून आणायचा. केक हवा असेल तर एक मजला पुरे.

भेटवस्तूंऐवजी आपला जुना बाळंतविडा परत आणायचा: झबली, टोपडी, लंगोट, आणि मऊ सुती साड्यांची दुपटी. एक वाकळ मंडळीतल्या बायकांनी मिळून शिवायची, प्रत्येकीच्या जुन्या साडीचा एक तुकडा घेऊन. सवाष्ण, विधवा, लेकुरवाळी, निपुत्रिक असा भेद सुईला कळत नाही.

एका कागदावर आईचा रक्तगट, दवाखान्याचं नाव, रात्री गाडी काढू शकतील अशा दोन घरांचे फोन आणि रक्त देऊ शकतील अशा चार जणांची नावं लिहायची. हा कागद पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या वेळी आईच्या हातात द्यायचा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "प्रार्थनेत रक्तगट कुठून आणला?" आम्ही त्यांना राहेलची आठवण दिली. बेथलेहेमच्या वाटेवर, बाळंत होताना, याकोबाची लाडकी राहेल गेली. प्रसूतीतला अति रक्तस्राव आजही आपल्या देशात मातामृत्यूचं एक मोठं कारण आहे. आजोबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "माझ्या नातवाचं नाव लिहा."

तिच्या लोहाच्या गोळ्यांची चौकशी करायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला तिथे गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. गोळीनं मळमळतं म्हणून पुष्कळजणी ती मुकाट्यानं बंद करतात. अशा वेळी एखाद्या वडीलधाऱ्या बाईनं शेजारी बसून "डॉक्टरांना विचारू, पण सोडू नको बाई" म्हणावं. केकच्या तिसऱ्या मजल्यापेक्षा हे वाक्य आईच्या जास्त उपयोगाचं.

आणि शेवटी डब्याची पाळी. सव्वा महिना, रोज एक घर. डबा देऊन लगेच निघायचं नाही, दहा मिनिटं बसायचं. बाळ घेऊन आईला अंघोळीला जाऊ द्यायचं. ती उगाचच रडत असेल, झोपच येत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर "असं होतंच" म्हणून उडवून लावायचं नाही. प्रार्थना करायची आणि डॉक्टरांकडेही न्यायचं. मुलगी झाली म्हणून घरात कोणी तोंड पाडलं असेल, तर त्या दिवशी डबा दोन घरांनी न्यायचा आणि कुंदा जास्त न्यायचा.

यात पैसा थोडा लागतो. वेळ लागतो, आणि तोच द्यायला आपण कचरतो. हॉलचं भाडं देऊन मोकळं होणं सोपं असतं. प्रभु येशूनं सांगून ठेवलं आहे की मेजवानी कराल तेव्हा जे परतफेड करू शकतात त्यांनाच बोलावू नका. आमची सत्तर जणांची यादी आम्ही पुन्हा काढून पाहिली. जवळजवळ सगळे परतफेड करू शकणारेच होते.

ज्या ताईंचं नाव आम्ही खोडलं, त्यांच्या घरी आम्ही चौघी गेलो. क्षमा मागितली. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, "मला बोलावलं नाही याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण लेकरानं काय केलं होतं? त्याच्या आईला भूक लागणारच की." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. निघताना त्यांनी आतून एक निळी साडी आणली. म्हणाल्या, पुढच्या वाकळेसाठी ठेवा, ही माझ्या पहिल्या खेपेची आहे.

पुढच्या महिन्यात मंडळीत आणखी एका बहिणीला सातवा लागतो आहे. यादी करायला आम्ही या बुधवारी बसणार आहोत. पहिलं नाव लिहून झालं आहे. निळा तुकडा वाकळेच्या मधोमध लागेल.

आपल्या मंडळीतल्या प्रत्येक गरोदर बहिणीला आणि प्रत्येक हन्नेला प्रभु जवळ घेवो, आणि त्याच्या आधी आपल्याला त्यांच्या दारी पाठवो. आमेन.